पदवीचा रकाना



या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या शिक्षकांची यादी आहे. ती तयार करण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले, कारण काय तर 'तू कॉम्प्युटरवाली आहेस'. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. नाव, विषय, शाळेत रुजू झाल्याचे वर्ष, निवृत्तीचे वर्ष आणि पदवी. पदवीच्या रकान्यात कुणी काहीही लिहू नये म्हणून मी तिथे ठरावीक पर्याय टाकून ठेवले : बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम., एम.ए., एम.एस्सी. आणि सगळ्यांत शेवटी 'पदवी नाही'. ज्या मित्रांनी गावात फिरून माहिती गोळा केली, त्यांनी प्रत्येक नावासमोर एक पर्याय निवडला. आपल्या चित्रकलेच्या सरांच्या नावासमोर आले, 'पदवी नाही'.

ती ओळ मी दोनदा वाचली आणि पुढे गेले, हे आधीच कबूल करते. छपाईआधीचे प्रूफ हातात आले तेव्हा मात्र ती खटकली. सगळ्या शिक्षकांसमोर काही ना काही अक्षरे आणि एका नावासमोर 'नाही'. मी सरांना फोन लावला. आता वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज तोच.

"सर, यादीत तुमची पदवी काय लिहू?"

"पदवी नाही बेटा. ए.टी.डी. अन् ए.एम."

"म्हणजे नेमकं काय, सर?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग सर हसले. "तू तर इंटरमिजिएटला ए ग्रेड आणली होती. अन् तुले हे माहीत नाही?"

खरेच माहीत नव्हते. आठवीपासून ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांनी स्वतः काय शिकले आणि कुठे शिकले, हे मी तीस वर्षांत कधी विचारले नव्हते. गणिताच्या सरांचे बी.एस्सी. आम्हाला पाठ होते. सरांच्या नावापुढची अक्षरे कार्यालयातल्या फळ्यावर रोज दिसायची, पण ती काय आहेत हे कुणी सांगितले नाही आणि आपण विचारले नाही. त्या फोननंतर मी जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज इथे लिहीत आहे. यात थोडा इतिहास आहे आणि थोडी माझी दुरुस्ती.

कारंज्याची ती परीक्षा

आपल्या बॅचला आठवत असेल. आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट. परीक्षेचे केंद्र कारंज्याला. पावसाळा सरत आलेला, शेतात सोयाबीन काढणीला आलेले आणि आपण सकाळच्या एस.टी.त ड्रॉइंग बोर्ड मांडीवर उभा धरून बसलेलो. कंडक्टर विचारायचा, "पाट कायले घेऊन चालले?" वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, असे पेपर. वस्तुचित्रात समोर स्टुलावर मांडलेली बादली, फडके आणि दोन वांगी. स्मरणचित्राला 'आठवडी बाजार' आला की आपल्या सगळ्यांच्या कागदावर धनजचाच बाजार उतरायचा.

सर परीक्षेआधी महिनाभर शाळा सुटल्यावर थांबायचे. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. ज्याच्याकडे रंग नाहीत त्याला आपल्या कॅमलच्या डबीतली एकेक वडी काढून द्यायचे. "आधी पाहा. मग काढा. तुम्ही न पाहताच काढता," हे त्यांचे वाक्य आपल्यातल्या कुणीही विसरले नसेल.

ही परीक्षा राज्याचे कला संचालनालय घेते. आज इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला सात, पाच किंवा तीन वाढीव गुण मिळतात, म्हणून शहरात तिला गर्दी असते. आपल्या वेळी असे काही नव्हते. मिळायचे ते फक्त प्रमाणपत्र. माझे 'ए' श्रेणीचे प्रमाणपत्र घेऊन मी घरी गेले आणि बाबांना म्हणाले, मला चित्रकलेचे पुढे शिकायचे आहे. बाबांनी ते पाहिले, कौतुक केले आणि विचारले, "याची डिग्री असते का?" मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारून आले आणि सांगितले, "डिप्लोमा असतो." बाबा म्हणाले, "डिप्लोम्याले कोण इचारते, पोरी? डिग्री असंल ते कर."

बाबांचे चुकले असे मी म्हणत नाही. त्यांना जेवढे ठाऊक होते त्यावरून त्यांनी विचार केला. मी अमरावतीला इंजिनिअरिंग केले, आयुष्य नीट चालले आहे आणि इंटरमिजिएटची घनभूमिती मला पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगला भरपूर उपयोगी पडली. पण त्या दिवशी आमच्या ओसरीवर एका शब्दामुळे गोंधळ झाला होता. तो शब्द म्हणजे 'डिप्लोमा'.

एक शब्द, दोन शिड्या

इंजिनिअरिंगमध्ये हा शब्द सगळ्यांना कळतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकला तीन वर्षे, तो डिप्लोमा. तो केलेला मुलगा पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतो. म्हणजे डिप्लोमा खालची पायरी, डिग्री वरची. आपल्या घराघरांत हीच शिडी डोक्यात बसलेली आहे आणि आपण तीच उचलून कुठेही लावतो.

चित्रकलेत ती लागत नाही. महाराष्ट्रात चित्रकलेचा मोठा शासकीय अभ्यासक्रम म्हणजे जी.डी. आर्ट, पूर्ण नाव गव्हर्नमेंट डिप्लोमा इन आर्ट. आधी एक वर्षाचा फाउंडेशन आणि त्यानंतर चार वर्षे. एकूण पाच. पाच वर्षे रोज सकाळी उभे राहून काम करायचे, माणसाच्या देहाचा अभ्यास करायचा, दरवर्षी परीक्षा द्यायची आणि शेवटी हातात येतो तो डिप्लोमा. आता याला पॉलिटेक्निकच्या मापाने मोजले तर काय होईल? तेच झाले, आमच्या ओसरीवरही आणि माझ्या एक्सेलमध्येही.

मग पाच वर्षे शिकवूनही त्याला पदवी का म्हटले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला १८५७ सालापर्यंत मागे जावे लागते.

एकाच साली जन्मलेल्या दोन संस्था

१८५७ म्हटले की आपल्याला उठाव आठवतो. त्याच साली मुंबईत शिक्षणाच्या दोन मोठ्या गोष्टी सुरू झाल्या. २ मार्चला सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली, तेच आजचे जे.जे. आणि १८ जुलैला मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. एकच शहर, एकच वर्ष, मध्ये साडेचार महिने. पण दोघांच्या वाटा वेगळ्या ठरल्या.

विद्यापीठाने भाषा, गणित, कायदा, वैद्यक असे विषय घेतले. त्यांच्या परीक्षा झाल्या, पदव्या झाल्या. कलाशाळेचा हेतू मात्र वेगळा होता. इथल्या कारागिरांचे हात आणि नजर आणखी तयार करावी, सरकारी बांधकामांना आणि उद्योगांना कुशल माणसे मिळावीत, हा विचार. इंग्लंडमध्ये साउथ केन्सिंग्टनला तेव्हा ड्रॉइंग शिकवण्याची जी शिस्तबद्ध पद्धत होती, तीच इकडे आली. १८६५ साली लॉकवुड किपलिंग जे.जे.त शिकवायला आले. 'जंगल बुक'वाले रुडयार्ड किपलिंग त्यांचेच चिरंजीव, त्यांचा जन्म त्याच वर्षी मुंबईत झाला. पुढच्याच वर्षी तिथे सजावटीचे चित्रकाम, मूर्तिकाम आणि लोखंडी नक्षीकाम अशा तीन कार्यशाळा सुरू झाल्या. मुंबईच्या जुन्या व्हीटी स्टेशनच्या इमारतीवर जे दगडी पाने, फुले, प्राणी दिसतात, त्या सजावटीत जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आपण त्याखालून कितीदा तरी सूटकेस ओढत गेलो असू.

शाळा सरकारच्या शिक्षण खात्याकडे होती, विद्यापीठाकडे नव्हती. म्हणून तिची प्रमाणपत्रे सरकारची. 'गव्हर्नमेंट डिप्लोमा' या नावातला 'गव्हर्नमेंट' तिथून आला. पदवी देण्याचा अधिकार फक्त विद्यापीठाला. सरकारी खाते कितीही वर्षे शिकवो, डिप्लोमाच देणार. म्हणजे अभ्यास कमी होता म्हणून तो डिप्लोमा राहिला नाही, देणारा वेगळा होता म्हणून राहिला. मला हे कळले तेव्हा बाबांची फार आठवण आली. हे त्यांना सांगता आले असते तर ते नक्की म्हणाले असते, "मंग असं सांगायचं ना!"

दोन्ही संस्था एकत्र आल्या १९८१ साली. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट त्या वर्षी मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले आणि तिथे बी.एफ.ए. ही पदवी सुरू झाली. एकाच साली जन्मलेल्या शेजाऱ्यांना एकमेकांच्या घरात यायला १२४ वर्षे लागली. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म त्याच्याच आगेमागे झालेला आहे. म्हणजे आपल्या सरांच्या पिढीने तरुणपणी मुंबईत जाऊन चित्रकलेची पदवी घ्यायची म्हटली असती, तरी जे.जे.त ती नव्हतीच. जी गोष्ट नव्हती ती त्यांच्याकडे नाही, असे मी तक्त्यात लिहून मोकळी झाले होते.

बिनपदवीच्या गुरूंनी घडवलेली पदवी

देशात विद्यापीठाने चित्रकलेला जागा दिली त्याचे मोठे उदाहरण बडोद्याचे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० साली ललितकला विद्याशाखा सुरू झाली आणि चित्र, शिल्प हे विषय पदवीसाठी शिकवले जाऊ लागले. तिथे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले ना. श्री. बेंद्रे. इंदूरचे मराठी चित्रकार. त्यांच्याकडे चित्रकलेतले काय होते? १९३३ साली मुंबईहून मिळवलेला गव्हर्नमेंट डिप्लोमा. ज्यांनी चित्रकलेच्या पदवीधरांची पहिली पिढी घडवली, ते स्वतः चित्रकलेत डिप्लोमाधारक होते. तसे होणे भागच होते, कारण पहिल्या पदवीधरांना शिकवायला आधीचे पदवीधर आणणार कुठून?

आणि हे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. ज्या इंग्लंडकडून आपण ही पद्धत घेतली, तिथेही चित्रकारांना दीर्घकाळ डिप्लोमाच मिळत होता. १९६० साली विल्यम कोल्डस्ट्रीम या चित्रकाराच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला, त्यातून नवा डिप्लोमा आला आणि तिथल्या कलाशाळांमधल्या त्या डिप्लोम्याला बी.ए.चे रूप मिळाले १९७४ साली.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. १९५६ पर्यंत आपला वऱ्हाड मुंबई राज्यात नव्हता, मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर. सय्यद हैदर रझा हे जगप्रसिद्ध चित्रकार आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले, १९३९ ते १९४३, आणि मग मुंबईला जे.जे.त गेले. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. त्यांनी १९४८ साली जे.जे.तून डिप्लोमा घेतला. आणि आपल्या अगदी शेजारचे म्हणजे हरी अंबादास गाडे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. तळेगाव आपल्याला शंकरपटामुळे माहीत. चित्रकारामुळे किती जणांना माहीत आहे? मला नव्हते. गाडे शिकले विज्ञान आणि चित्रकलेचे धडे घेतले नागपूरच्या कलाशाळेत.

१९४७ साली मुंबईत सहा जणांनी मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप सुरू केला. भारतीय चित्रकलेच्या इतिहासात हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. सूझांना १९४५ साली जे.जे.तून काढून टाकलेले. आरा घरकाम आणि गाड्या धुण्याचे काम करत चित्रकलेकडे आलेले. बाकरे जे.जे.चे. दोघांचा विदर्भाशी संबंध, रझा आणि गाडे. या सहांत विद्यापीठाची चित्रकलेची पदवी असलेला एकही नव्हता. माझ्या एक्सेलमध्ये या सगळ्यांसमोर सरांच्यासारखेच उत्तर आले असते.

मुलींविषयीही एक गोष्ट सांगते. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून जे.जे.त आले, तिथेच शिक्षक झाले आणि 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली जे.जे.तून डिप्लोमा घेतला. तो घेणाऱ्या अगदी सुरुवातीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. ज्या काळात मुलीने मॅट्रिक होणे ही बातमी असायची, त्या काळात एका मराठी मुलीने हा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. आमच्या ओसरीवर ती चर्चा झाली त्याला त्या वेळी पासष्टच्या आसपास वर्षे होऊन गेली होती. आमच्यापर्यंत ते पोहोचलेच नव्हते.

मग ए.टी.डी. म्हणजे काय?

आता सरांच्या अक्षरांकडे. ए.टी.डी. म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा. याचा उगमही जुना आहे. सरकारने १८७९ च्या सुमारास शाळांमधून ड्रॉइंग हा विषय सुरू केला. विषय आला की शिक्षक लागतात, म्हणून १८९३ साली जे.जे.त ड्रॉइंग शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. पुढे नावे बदलली, नियम बदलले. १९६५ साली कला संचालनालय स्वतंत्र झाले आणि या सगळ्या परीक्षा त्याच्याकडे आल्या. सरांनी दहावी आणि इंटरमिजिएटच्या जोरावर ए.टी.डी. केले, शाळेत लागले आणि नोकरी करता करता आर्ट मास्टर, म्हणजे ए.एम., पूर्ण केले. त्याचा अभ्यास ते रात्री करायचे, हेही मला त्या फोनवरच कळले.

म्हणजे सरांच्या अक्षरांचा अर्थ असा : हा माणूस शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवण्यासाठीच तयार झालेला आहे. जी.डी. आर्टवाला चित्रकार होण्यासाठी तयार होतो, ए.टी.डी.वाला शिक्षक होण्यासाठी. एक मोठा आणि दुसरा लहान असे नाही, दोघांचे काम वेगळे. आपल्या बी.एड. झालेल्या शिक्षकांसारखेच हे शिकवण्याचे शिक्षण आहे.

मला हे समजायला एक घरचे उदाहरण उपयोगी पडले. आपण १९९७ साली दहावी झालो. आपल्या सगळ्यांच्या दाखल्यावर जिल्हा अकोला आहे. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. शाळा तिथेच, कारंजा तालुका तोच, धनज तेच, बदलले ते वरचे कार्यालय. आज कुणी आपला दाखला पाहून 'जिल्हा वाशिम नाही' असा शेरा मारला तर आपण त्याला वेड्यात काढू. सरांच्या नावासमोर मी मारलेला शेरा तसाच होता.

आज मुलांनी काय पाहावे

हे सगळे लिहायला आणखी एक कारण घडले. आपल्यातलीच एक मैत्रीण धनजलाच राहते. तिची मुलगी बारावीला आहे आणि सुंदर चित्रे काढते. मैत्रिणीने मला रात्री मेसेज केला, "पोरगी चित्रकलेचं करतो म्हणते. हे म्हणतात डिग्री असेल तर कर. तू सांग काय असते ते." तीस वर्षांनी तोच प्रश्न, तीच भीती. या वेळी माझ्याकडे उत्तर होते. तिला जे लिहिले तेच इथे थोडक्यात देते, कुणाच्या घरी उपयोगी पडले तर पडो.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळेतल्या परीक्षा. पुढच्या प्रवेशाला त्यांचा आधार होतो, म्हणून इंटरमिजिएट सोडू नये.

शाळेत कलाशिक्षक व्हायचे असेल तर ए.टी.डी. चित्रकार, शिल्पकार किंवा जाहिरातीच्या क्षेत्रातला कलाकार व्हायचे असेल तर दोन मोठ्या वाटा. एक फाउंडेशन आणि जी.डी. आर्ट, ही शासकीय डिप्लोम्याची. दुसरी बी.एफ.ए., ही विद्यापीठाची पदवी, बारावीनंतर चार वर्षांची. शासकीय महाविद्यालयांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असते. नावे वाचून ओळखीचे वाटले ना? सरांनी आपल्याकडून हेच करून घेतले होते. मुंबईपर्यंतच जावे लागते असेही नाही, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालये आहेत.

बी.एफ.ए.च्या आतही शाखा असतात. रेखा व रंगकला वेगळी, शिल्पकला वेगळी, उपयोजित कला वेगळी. जे.जे.त १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, त्याचीच पुढे १९५८ मध्ये उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. पुस्तकांची मुखपृष्ठे, जाहिराती, वेष्टने हा त्या शाखेचा प्रांत. नोकरीच्या दृष्टीने पालकांनी हा फरक आधी समजून घ्यावा. शाखा नंतर बदलणे सोपे नसते.

त्यापुढे एम.एफ.ए., साधारण दोन वर्षांचे. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर हे लागते आणि सोबत नेट परीक्षा. अमेरिकेत तर प्रत्यक्ष कलानिर्मितीतली शेवटची पदवी म्हणून एम.एफ.ए.लाच मान्यता आहे. तिथल्या कॉलेज आर्ट असोसिएशनने १९७७ साली तसे निकष ठरवले. आपल्याकडे त्यापुढे पीएच.डी. करता येते, पण ती संशोधनाची वाट आहे. चांगला चित्रकार होण्यासाठी तिची अट नाही.

आणखी एक अक्षरजोडी हल्ली कानावर येते, बी.डिझाइन. ती बी.एफ.ए. नव्हे. तिथे वस्तू, मोबाइलचा पडदा, कपडे, वाहने कशी असावीत याचा विचार शिकवतात. अहमदाबादची एन.आय.डी. १९६१ ची आणि मुंबई आय.आय.टी.तले डिझाइन केंद्र १९६९ चे. माझ्या ऑफिसात आम्ही प्रोग्राम लिहितो आणि तो वापरणाऱ्याला कसा दिसेल हे ठरवणाऱ्यांचा वेगळा गट असतो. त्यात बी.डिझाइनवाले आहेत आणि बी.एफ.ए.वालेही. त्यांचे पगार आमच्यापेक्षा कमी नाहीत, हे मैत्रिणीच्या यजमानांसाठी मुद्दाम लिहिते.

मात्र एक सांगते. नियम दरवर्षी बदलतात. २०२३ साली जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे आता ते स्वतःची पदवी स्वतः देऊ शकते. त्यामुळे ज्या महाविद्यालयात जायचे आहे तिथला त्या वर्षीचा माहितीपत्रक स्वतः वाचा. डिप्लोमा करून पुढे एम.एफ.ए.ला जायचे असेल तर तिथे तो चालतो का, हे आधीच विचारा. आणि कोणतेही खासगी कॉलेज 'डिग्री' म्हणाले तर ती कोणत्या विद्यापीठाची, हा प्रश्न पहिला. आमच्या बाबांचा प्रश्न वाईट नव्हता. फक्त त्याच्या पुढचा प्रश्न विचारायला हवा होता, डिप्लोमा असेल तर कोणाचा, किती वर्षांचा आणि कशासाठी?

दुरुस्ती

सरांना मी पुन्हा फोन केला आणि हे सगळे वाचून दाखवले. रझा, गाडे हे ऐकताना ते गप्प होते. शेवटी म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसांच्या ओळीत मले नको बसवू. मी मास्तर होतो. पण तो रकाना मात्र बदल. माह्यासाठी नाही, आताच्या पोरांनी वाचला तर त्यांनी काय समजावं?"

म्हणून यादीतल्या त्या रकान्याचे नाव आता 'पदवी' नाही, 'शिक्षण' आहे. ठरावीक पर्याय काढून टाकले आहेत. सरांच्या नावासमोर 'आर्ट टीचर डिप्लोमा, आर्ट मास्टर' असे पूर्ण लिहिले आहे. हा बदल केल्यावर लक्षात आले की शारीरिक शिक्षणाच्या सरांचे आणि शिवणकामाच्या बाईंचेही असेच झाले होते. तेही दुरुस्त केले आहे. तरी काही राहिले असेल तर स्नेहमेळाव्याच्या दिवशी मला पकडा.

मैत्रिणीची मुलगी प्रवेश परीक्षेची तयारी करते आहे. सर दर रविवारी सकाळी तिला घरी शिकवतात. पैशाचे विचारले तर म्हणाले, "पह्यलेही घेत नव्हतो."

सर मेळाव्याला येणार आहेत. ज्यांच्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या सरावाची जुनी चित्रे राहिली असतील त्यांनी ती सोबत आणावीत. एका वर्गखोलीत ती मांडायचे ठरले आहे. माझ्याकडे एकच सापडले, आठवडी बाजाराचे. त्यावर कोपऱ्यात सरांच्या लाल पेन्सिलीने लिहिलेले आहे, 'माणसे पाहून काढ.'